मायाळूची स्थळप्रत

सोलापुरातली संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि तिसऱ्याच दिवशी सुयश सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या फळ्यावर सूचना लागली. येत्या अक्षय्य तृतीयेला संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण होत असल्याने इमारतीला रंग देण्यात येणार असून, 'कंपाउंडच्या भिंतीवरील सर्व वेली, गवत व इतर अनावश्यक वाढ काढून टाकण्यात येईल, याची सभासदांनी नोंद घ्यावी.' खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष म्हणजे शिवयोगी हत्तुरे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची सही इतकी स्वच्छ असायची की ती चक्क वाचता यायची, आणि त्यामुळेच संस्थेतल्या बारा बिऱ्हाडांचा तिच्यावर फारसा विश्वास नव्हता.

'सर्व वेली' हे नुसतं लिहिण्यापुरतं. भिंतीवर वेल एकच होती आणि ती महिपतराव जेऊरकरांच्या मालतीबाईंची होती. मायाळूची. जांभळट देठ, जाड मऊ पानं, आणि काळीभोर फळं, चुरडली की बोटं जांभळी करणारी. हल्ली ही भाजी मंडईत मागितली तर भाजीवाली आधी आपल्या पांढऱ्या केसांकडे बघते आणि मग पालक पुढे करते. एकेकाळी मात्र न्हाणीच्या पाण्यावर ती घरोघर वाढायची, कोणी लावली हे कोणाला आठवायचं नाही आणि पाहुणे आले की हिच्या पानांची भजी व्हायची.

मालतीबाईंचं माहेर बार्शीचं. आई गेली, मग भावांनी घर विकलं. शेवटच्या दिवशी भावजयांनी पितळेची भांडी वाटून घेतली. मालतीबाईंनी न्हाणीमागची वीतभर कांडी तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन सोलापूरला आल्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय आहे?" तर म्हणाल्या, "आईकडचं आहे." त्याला सात वर्षं झाली. माहेरचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

सूचना वाचून मालतीबाई वर आल्या. रात्री जेवायला पिठलं केलं. दुसऱ्या दिवशी पिठलं. तिसऱ्या दिवशी ताटात पुन्हा पिठलं आलं तेव्हा महिपतरावांच्या ध्यानात आलं की घरात काहीतरी दुःख झालंय.

"काय झालं गं?"

"काही नाही. वेल काढणार आहेत."

महिपतरावांनी भाकरी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी बघतो."

हे दोन शब्द ऐकून मालतीबाईंनी डोळे मिटले. संसाराच्या छत्तीस वर्षांत महिपतरावांनी पुष्कळ गोष्टी 'बघितल्या' होत्या. गळका नळ बघितला तेव्हा पूर्ण इमारत दोन दिवस टँकरवर होती. रेशनकार्डावरचं मालतीबाईंचं वय बघायला गेले, तर पुढली चार वर्षं मालतीबाई कागदोपत्री महिपतरावांच्या आत्या होत्या.

पण महिपतरावांचा स्वतःवर विश्वास होता. ते एका सरकारी कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते, आणि त्यातली सव्वीस वर्षं त्यांनी जडसंग्रह नोंदवही सांभाळली होती. कचेरीतली टेबलं, खुर्च्या, कपाटं, पंखे, अशा टिकाऊ वस्तूंची नोंद ज्या वहीत होते ती जडसंग्रह नोंदवही. बाहेरच्या लोकांना तिची ताकद कळत नाही. त्या वहीत एकदा नोंद झाली की साहेबाच्या बापालाही ती वस्तू टाकून देता येत नाही. तिचं निर्लेखन, म्हणजे रीतसर मोडीत काढणं, व्हावं लागतं. निर्लेखनाला समिती लागते, समितीत तीन जण लागतात, आणि ते तिघं एकाच दिवशी रजेवर नसावे लागतात. महिपतरावांच्या कचेरीत तीन पायांची एक खुर्ची भिंतीला टेकवून चौदा वर्षं उभी होती. तिच्यासमोर चार साहेब आले आणि निवृत्त झाले. चौथ्याच्या निरोप समारंभात कोणीतरी चुकून तिच्यावर बसलं, पण ते असो.

महिपतरावांची दुसरी श्रद्धा स्थळप्रतीवर होती. कुठलाही कागद हातातून सोडण्याआधी त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवायची, ती स्थळप्रत. धोब्याच्या यादीची, औषधाच्या चिठ्ठीची, इतकंच काय, मुलीच्या बघण्याच्या वेळी मुलाकडच्यांना पाठवलेल्या पोह्यांच्या निमंत्रणाचीसुद्धा स्थळप्रत त्यांच्या कपाटात होती. "जेऊरकरांकडे स्थळप्रत नाही असं आजवर झालेलं नाही," असं कचेरीत म्हणत. निवृत्तीच्या भाषणात साहेबांनी त्यांच्याबद्दल एवढं एकच वाक्य चांगलं काढलं होतं, आणि महिपतराव आजही ते वाक्य मनातल्या मनात ऐकत झोपत.

तर मायाळूची वेल संस्थेच्या जडसंग्रहात चढवायची असा बेत ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते अध्यक्षांकडे गेले.

"अहो जेऊरकर, जिवंत वेल जडसंग्रहात कशी काय घालता हो?" शिवयोगी म्हणाले. ते अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही.

"ती जागची हालते का? नाही ना? मग जडच."

"वाऱ्यानं हालतंय की."

"वाऱ्यानं ऑफिसचा पडदाही हालायचा. तो आहे ना तुमच्या वहीत, नऊ नंबरला?"

"पडदा गेला की हो तो, गणपतीत."

"वस्तू गेली. नोंद आहे ना?"

निवृत्त मुख्याध्यापकाला नियमाची भाषा कळते. त्यांनी वही काढून दिली. आत सोळा नोंदी होत्या : शिडी एक (पायरी कमी), बादल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, झेंड्याची काठी, तो गेलेला पडदा, वगैरे.

"हे बघा," शिवयोगी म्हणाले, "सगळे रकाने भरायचे. वस्तूचं नाव, वर्णन, कोठून प्राप्त, पूर्वेतिहास. खाडाखोड चालणार नाही. रविवारच्या सभेत मंजूर करून घ्या. एक जरी रकाना कोरा राहिला, तर सोमवारी रंगारी येतोय."

महिपतराव उड्या मारत घरी आले. रकाने भरणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. टेबलापाशी बसून त्यांनी पहिल्या रकान्याच्या कच्च्या कागदावर 'मायाळू' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या सावित्रम्मा कढीपत्ता मागायला आल्या.

सावित्रम्मांच्या घरी चादरींचे माग. घरात तेलुगू. त्यांनी कागद उचलला आणि चष्मा वर केला. "मायाळू कुठलं हो भाऊजी? बच्चली आहे ते. आमची आज्जी येताना तेलंगणातून आणली होती की. एका हातात पोरगं, दुसऱ्या हातात बच्चलीची काडी. मग माग आला. आधी बच्चली, मग माग. सोलापुरात भाजीच नव्हती त्या टायमाला."

"भाजीच नव्हती?"

"होती, पण अशी नव्हती," म्हणून त्या कढीपत्ता न घेताच खाली गेल्या आणि दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी गेली की जेऊरकर बच्चलीचं नाव बदलतायत.

शिवयोगी संध्याकाळी स्वतः वर आले. "ते बसळे आहे. बसळे सोप्पु. अक्कलकोटला आमच्या परसात होतं. मी काढून टाका म्हटलं ते वेलीला. पण नाव खोटं लावलेलं मला चालणार नाही." काढून टाकायच्या वस्तूच्या नावाबद्दल इतका आग्रह धरणारा माणूस महिपतरावांनी कचेरीतसुद्धा पाहिला नव्हता.

शेवटी त्यांनी तटस्थ साक्षीदार म्हणून वॉचमन बिरुदेवला विचारलं. बिरुदेव सांगोल्याकडचा, घरची मेंढरं, पन्नाशी उलटलेला.

"बिरुदेव, तुमच्यात या वेलीला काय म्हणतात?"

"आमच्यात त्येला नाव न्हाय सायेब. शेळीनं तोंड लावलं तर पाला, न्हाय लावलं तर न्हाय."

"पण काहीतरी म्हणत असाल की."

"शेळीला इचारावं लागंल."

महिपतरावांनी मग शास्त्राचा आधार घ्यायचं ठरवलं. आठ नंबरमध्ये प्रियंका मॅडम राहायच्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. त्यांनी मोबाइलमध्ये बघून सांगितलं, "शास्त्रीय नाव बासेला. आणि काका, गंमत म्हणजे हे नाव मूळचं आपल्या दक्षिणेतल्या लोकांच्या तोंडचं. तिकडून आलेल्या गोऱ्या लोकांनी ऐकलं आणि तेच पुस्तकात घातलं असं म्हणतात."

ही बातमी शिवयोगींना कळली आणि एका रात्रीत त्यांचं मतपरिवर्तन झालं. सकाळी ते भिंतीजवळ हात मागे बांधून उभे होते आणि वेलीकडे, पहिल्या नंबरानं पास झालेल्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघत होते. "बासेला," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "म्हणजे आमचं बसळेच की. साऱ्या जगानं कानडीतनं उचललंय." रंगाऱ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. महिपतरावांना वाटलं आपण जिंकलो. इथंच थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

पण पूर्वेतिहासाचा रकाना राहिला होता ना. खरा पूर्वेतिहास तीन ओळींचा : बार्शी, न्हाणी, एसटी. एवढ्याशा मजकुरानं फाइलला वजन येत नाही हे महिपतरावांना अनुभवानं ठाऊक होतं. त्यांनी चार दिवस खपून नऊ पानांचा 'मायाळू ऊर्फ बसळे ऊर्फ बच्चली : संक्षिप्त पूर्वेतिहास' तयार केला. त्यात आदिमानव होता. पान सहावर निर्लेखनाचे नियम होते. सगळी राजघराणी क्रमानं होती, कारण प्रत्येक राजाला परस असणारच आणि परसात भाजी असणारच, असा त्यांचा मुद्दा होता. पुरावा विचारला तर 'नसल्याचा पुरावा नाही' असं उत्तर तळटीपेत तयार होतं.

मालतीबाईंनी नऊच्या नऊ पानं वाचली. मग विचारलं, "यात आई कुठंय?"

"कोण आई?"

"माझी आई. जिच्याकडची वेल आहे ती."

"ते परिशिष्टात घेऊ," महिपतराव म्हणाले. मालतीबाईंनी पानं जुळवून त्यांच्या हातात दिली आणि भांडी घासायला गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. महिपतरावांना तेव्हा पाण्याची नासाडी तेवढी दिसली.

रविवारी सभा झाली. नऊ पानं वाचून होईपर्यंत सात सभासद उठून गेले आणि भज्यांच्या वासानं नऊ परत आले. सावित्रम्मांनी बच्चली पप्पू, म्हणजे बच्चली घातलेलं वरण, आणलं होतं, शिवयोगींच्या घरून बसळ्याचं सारु आलं होतं आणि मालतीबाईंची मायाळूची भजी होती. वाद एवढाच उरला की तीन नावांत पहिलं कुठलं. रकाना दीड इंच रुंद. शेवटी तिन्ही नावं एकाखाली एक न लिहिता गोल लिहावीत, म्हणजे वर-खाली कोणी राहणार नाही, असं ठरलं. ठराव मंजूर झाला.

आणि या क्षणी महिपतरावांना ती बुद्धी सुचली. नोंद करायची ती साध्या बॉलपेननं नको. पूर्वी म्हणे पोरं याच फळांच्या रसानं पाटी-पुस्तकावर लिहायची. (सावित्रम्मा म्हणाल्या होत्या, त्यांच्या आज्जीच्या पोरांनी भिंतीवर लिहिलं होतं आणि मार खाल्ला होता.) तेव्हा नोंद वेलीच्याच रसानं करावी, म्हणजे वस्तू आणि पुरावा एकच! महिपतरावांनी वाटीत फळं चुरडली, रस फडक्यातून गाळला, जपून ठेवलेला टाक काढला आणि नऊ पानांचा सारांश काढून नोंद क्रमांक सतरा अशी काही डौलदार उतरवली की शिवयोगींनीसुद्धा "व्वा" म्हटलं. जांभळं अक्षर पानावर झळकत होतं. स्थळप्रत त्यांनी सवयीप्रमाणे आधीच बॉलपेननं करून ठेवली होती.

महिपतरावांची बोटं जांभळी झाली. दुसऱ्या दिवशी बँकेत दोघांनी विचारलं, "कुठं मतदान होतं?" तिसऱ्या दिवशी बोटं साफ पांढरी झाली. मालतीबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "लवकर गेलं की." महिपतराव म्हणाले, "साबण चांगलाय." नोंद सर्वांना दिसावी म्हणून त्यांच्याच आग्रहावरून ती वही संस्थेच्या ऑफिसात, खिडकीशी, सतराव्या नोंदीच्या पानावर उघडी ठेवण्यात आली. खिडकी पश्चिमेला होती. तिचा पडदा फक्त नोंदीत होता.

आठवड्यानं मालतीबाई नेहमीसारखी चाळण घेऊन पानं तोडायला खाली गेल्या, तर बिरुदेव आडवा आला.

"वैनी, तोडायचं न्हाय."

"का?"

"कागूद लागलाय. आन तुमच्या सायबांचीच सही हाय की त्येच्यावर."

भिंतीवर पाटी होती : 'नोंद क्र. १७. संस्थेची मालमत्ता. विनापरवानगी पाने तोडू नयेत.' शिवयोगींचं म्हणणं सरळ होतं. वस्तू संस्थेच्या जडसंग्रहात आली म्हणजे ती संस्थेची झाली. संस्थेची वस्तू एका सभासदानं खायची कशी? आणि नोंदीतल्या वस्तूचा अभिरक्षक म्हणून सभेनं खुद्द महिपतरावांना नेमलेलं. तेव्हा पानं हवी असल्यास अभिरक्षकाकडे अर्ज करावा. म्हणजे मालतीबाईंनी नवऱ्याला.

मालतीबाई वर आल्या. चाळण ओट्यावर आपटली. "तुम्हाला अर्ज करू?"

"तसा तो एक उपचार असतो," महिपतराव म्हणाले. "नमुना मी तयार करून देतो."

त्या दिवशी रात्री पिठलंही नव्हतं.

पुढं जे झालं ते कोणत्याही सार्वजनिक वस्तूचं होतं तसंच झालं. जी माणसं आजवर मायाळूला गवत समजत होती, तिला आता आपला हक्क समजू लागली. बारा बिऱ्हाडांना पाळीपाळीनं सहा-सहा पानं, असा नियम झाला. दहा नंबरवाल्यांनी आपली सहा पानं घेऊन वर नेली, ही कशी करतात ते ठाऊक नाही म्हणून फ्रीजमध्ये ठेवली आणि पुढच्या पाळीला पुन्हा सहा मागितली. चार नंबरवाल्यांनी मोठी पानं का नाहीत अशी तक्रार लेखी दिली. पाच नंबरवाल्यांना पानं नको होती, पण पाळी सोडायची नव्हती. चैत्र लागेपर्यंत भिंतीवर देठ राहिले आणि टोकाला दोन पानं राहिली, ती हात पोचत नव्हता म्हणून.

एका दुपारी मालतीबाई भिंतीपाशी उभ्या होत्या. महिपतराव मागून गेले. त्यांना वाटलं बायको आता चिडेल. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या आईची वेल होती हो ती," मालतीबाई म्हणाल्या. "रंगाऱ्यानं तोडली असती तर मी कांडी काढून कुंडीत लावली असती. आता कांडी मागायलाही ठराव लागेल. तुम्ही ती वाचवली नाही. वाटून टाकलीत. भावजयांनी भांडी वाटली ना, तशी."

महिपतरावांना उभ्या आयुष्यात कोणी इतकं खरं सुनावलं नव्हतं. ते लाजले, आणि त्यांना फार वाईट वाटलं. रात्री ते नऊ पानं घेऊन बसले. आदिमानव आला, राजघराणी आली, त्यांची परसं आली. बार्शीची न्हाणी कुठंच आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नोंद काढून घेण्याची खटपट सुरू केली. चार अर्ज केले. शिवयोगींनी चारही अर्जांवर एकच शेरा मारला : 'निर्लेखनाशिवाय नोंद कमी करता येत नाही.'

"मग निर्लेखन करा," महिपतराव म्हणाले.

"ते मोडक्या वस्तूचं करतात. वेल मोडकी आहे का? आणि निर्लेखन झालं की वस्तू समितीसमोर नष्ट करायची असते. तुम्हीच सांगितलंय हे सभेत. पान सहा." शिवयोगींचा आवाज मवाळ झाला. "नियम तुमचाच आहे की जेऊरकर. मी काय करू?"

महिपतराव जिन्यावर बसून राहिले. सव्वीस वर्षं ज्या भिंतीमागे त्यांनी लोकांना उभं केलं, तिच्यावर आज त्यांचंच डोकं आपटलं होतं, आणि ती भिंत खरोखरच मजबूत होती.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रविवारी वार्षिक पडताळणी निघाली. वहीतल्या वस्तू जागेवर आहेत की नाहीत हे बघायचं. रंगारी डबे घेऊन बाहेर उभा होता. ऑफिसात शिवयोगी, सावित्रम्मा, महिपतराव, आणि दारात बिरुदेव. आज पाणी भरायची पाळी होती म्हणून मालतीबाईही बादली घेऊन दाराशी आलेल्या.

"नोंद क्रमांक सतरा," शिवयोगी म्हणाले आणि थांबले. चष्मा पुसला. वही उचलून उजेडाकडे धरली.

पान कोरं होतं. नीट बघितलं तर चहा सांडून पुसल्यासारखी एक पिवळी झाक होती, बाकी काही नाही. तिन्ही नावं, वर्णन, पूर्वेतिहास, सही, सगळं सोलापूरच्या उन्हानं तीन महिन्यांत चाटून टाकलं होतं.

"हे कसं झालं हो?" शिवयोगी म्हणाले.

"म्या रोज बगत हुतो की," बिरुदेव म्हणाला. "आदी जांबळं हुतं. मग गुलाबी झालं. मग च्यावानी. मग गेलं."

"अरे, मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं काम झालं की पुसत आसतील."

सावित्रम्मा तोंडाला पदर लावून हसत होत्या. शिवयोगी मात्र हसले नाहीत. नोंद नाही म्हणजे वस्तू नाही, आणि पंचवीस वर्षांच्या वहीत भोक पडलेलं त्यांना बघवत नव्हतं. एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"काही बिघडत नाही. जेऊरकर, तुमच्याकडे स्थळप्रत असेल की! आणा. तिच्यावरून आत्ता बॉलपेननं पुन्हा चढवतो."

सगळ्यांनी महिपतरावांकडे बघितलं. मालतीबाईंनी बघितलं नाही. त्या हातातल्या बादलीत बघत होत्या.

स्थळप्रत महिपतरावांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात होती. पडताळणी म्हटल्यावर ती त्यांनी सकाळीच, सवयीनं, घडी करून घेतली होती. छातीला तिची घडी टोचत होती. निरोप समारंभातलं साहेबांचं ते वाक्य कानात वाजलं. त्यांनी खिशावर हात ठेवला.

"नाही," महिपतराव म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"ठेवली नाही. स्थळप्रत ठेवली नाही."

सावित्रम्मांचं हसू थांबलं. "तुम्ही?" शिवयोगींच्या तोंडून एवढंच आलं. "जेऊरकर, तुम्ही?" त्यांच्या स्वरात अशी काही कीव होती की महिपतरावांचे कान लाल झाले. त्यांनी मान खाली घातली. "वय झालं," ते म्हणाले.

शिवयोगींनी वही मिटली. स्थळप्रतीशिवाय नोंद पुन्हा चढवणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. मग बाहेर रंगाऱ्याला ओरडून म्हणाले, "अरे ए, तेवढा वेलीचा कोपरा सोडून दे! सोड म्हणतो की. आमचं बसळे आहे ते." मग मालतीबाईंकडे वळून जरा ओशाळून म्हणाले, "वहिनी, तुमचं आहे. तुमचंच आहे. एक कांडी मात्र मला द्या. घरच्यांना पानं मागून आणायचा कंटाळा आलाय."

"मला पण," सावित्रम्मा म्हणाल्या. "बच्चलीची."

त्या दिवशी मालतीबाईंनी सात कांड्या कापून दिल्या, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या नावानं. दहा नंबरवाल्यांना आधी भजी कशी करायची ते शिकवलं, मगच कांडी दिली.

दुसऱ्या दिवशी धुणं भिजवताना त्यांना सदऱ्याच्या खिशात कागद सापडला. वर तांबड्या शाईत, ठसठशीत, 'स्थळप्रत' असं लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा. मालतीबाई दगडावर बसूनच वाचू लागल्या. आदिमानवावर ताज्या शाईनं काट मारली होती. राजघराण्यांवर काट. नावाच्या रकान्यातली तिन्ही नावं खोडली होती. उभ्या आयुष्यात खाडाखोड न केलेल्या माणसानं कागद नांगरून काढला होता. 'कोठून प्राप्त' च्या रकान्यात तेवढी एक नवी ओळ होती : 'कै. इंद्रायणीबाई यांचेकडून. बार्शी. न्हाणीमागे.'

त्या कागद घेऊन आत आल्या. महिपतराव वर्तमानपत्रामागे होते.

"ठेवली नव्हती म्हणालात ना?"

वर्तमानपत्र हललं नाही.

"आणि ही तिन्ही नावं का खोडलीत?"

महिपतरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "तुझी आई काय म्हणायची गं हिला?"

मालतीबाईंनी आठवून बघितलं. "आई कुठं काय म्हणायची. म्हणायची, पाहुणे आलेत, जा, मागचं घेऊन ये."

महिपतरावांनी पेन घेतलं आणि नावाच्या रकान्यात लिहिलं : 'मागचं'. खाली रेघ मारली नाही.

मालतीबाईंनी तो कागद घेतला, त्यात मूठभर वाळलेल्या बिया ओतल्या, चार घड्या घालून पुडी बांधली आणि डब्यात टाकली. मग आत जाता जाता थांबल्या.

"याची स्थळप्रत?"

"नको," महिपतराव म्हणाले.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून तेल तापल्याचा वास आला. त्या दिवशी पिठलं नव्हतं.